बसलेल्या कांड्यांचा वाढदिवस

सन १८९४, सप्टेंबरची अठ्ठावीस, वार शुक्रवार. ही तारीख मी विसरणं शक्य नाही. त्या दिवशी सासूबाईंना सहासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरात दीडशेच्या वर कांड्या चपट्या निघाल्या. पस्तीस वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं.

आमच्याकडे वाढदिवस म्हणजे कामाचा दिवस. सासूबाई जन्मल्याच संत मिकेलच्या सणाला भरणाऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी, त्याला त्या तरी काय करणार. बाजाराला सरोवराच्या दोन्ही काठांवरून माणसं यायची आणि गुस्तावाबाईंची, म्हणजे सासूबाईंची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पेपरमिंटची कांडी घेतल्याशिवाय परत जायची नाहीत. त्यामुळे शुभेच्छा द्यायला येणारा मुलगा असो की पाद्री, त्याला आधी हात धुवायला लावत. बोलणं मागाहून.

कांडी करणं दिसतं सोपं. साखरेचा पाक तांब्याच्या भांड्यात कडक होऊ द्यायचा, तेल लावलेल्या संगमरवरी फरशीवर ओतायचा, पेपरमिंटचे थेंब टाकायचे. थोडा भाग लाल करून बाजूला ठेवायचा, बाकीचा भिंतीतल्या लोखंडी आकड्यावर टाकून ओढायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा. ओढता ओढता तो दुधासारखा पांढरा होतो. मग त्यावर लाल पट्टे चढवायचे, लांब दोर काढायचा, पीळ द्यायचा, कात्रीनं तुकडे करायचे. खरं काम तिथून पुढे. तुकडे गार होऊन टणक होईपर्यंत तळहाताखाली फिरत राहिले पाहिजेत. हात थांबला की कांडी बसते, म्हणजे एका अंगानं चपटी होते. बसलेली कांडी सासूबाई विकत नसत. पाक एकदा फरशीवर आला की घराला आग लागली तरी, आधी कांड्या टणक होऊ द्या आणि मग पळा, असं त्या सांगत.

ती फरशी खरं तर सासऱ्यांच्या थडग्यासाठी आणलेली. ते गेले तेव्हा पदरात तीन मुलं आणि हातात ही एक फरशी. सासूबाईंनी थडग्यावर लाकडी क्रूस लावला आणि फरशी, नाव कोरलेली बाजू खाली करून, स्वयंपाकघरात बसवली. पाद्री वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, "जिवंतपणी त्यानं कधी हातभार लावला नाही, आता लावतोय."

मी त्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. माझा नवरा यालमार सगळ्यांत धाकटा, आगबोटीवर इंजिन सांभाळायचा. थोरल्या टेकलावन्सं. एक्केचाळीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, तेवीस वर्षं आईशेजारी भांड्याजवळ उभ्या. मधले वाल्फ्रिड भावजी यनशेपिंग शहरात व्यापार करायचे.

आणि माझ्या पोटात ऑगस्टपासून एक गोष्ट होती.

आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे फागेरलीन मास्तर. पन्नाशीचे, उंच, इतके अबोल की शाळेतली मुलं त्यांना घाबरायचीसुद्धा विसरत. ते आठ वर्षं दर गुरुवारी दुकानात यायचे आणि गायनमंडळाच्या घशांसाठी म्हणून डझनभर कांड्या न्यायचे. मी त्या मंडळात दोन हिवाळे गायले. एक कांडी आमच्या घशापर्यंत आली नाही. ऑगस्टमध्ये जुनी भजनांची पुस्तकं शोधताना मी ऑर्गनमागचं कपाट उघडलं. आत खालपासून वरपर्यंत कागदाच्या पुड्या रचलेल्या, प्रत्येक पुडीवर सुबक अक्षरात तारीख. एकही उघडलेली नव्हती.

मी घरी येऊन टेकलावन्संना सांगितलं. त्या भांडं घासत होत्या. घासतच राहिल्या, फक्त कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाल्या, "वसंतात त्यांनी विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

उत्तर का दिलं नाही, हे विचारावं लागलं नाही. सासूबाईंचा नियम घरात दाराच्या बिजागऱ्यांनाही पाठ होता. बाई विधवा असेल तर स्वतःची मालक. तिनं लग्न केलं की कायद्यानं नवरा तिचा पालक, आणि तिचं जे काही ते त्याच्या ताब्यात. सासूबाईंची बहीण लोविसा, तिची छान चालती बेकरी होती. तिनं दुसरं लग्न केलं, आणि चौथ्या दिवशी नवऱ्यानं भट्टी विकून घोडा घेतला. घोडा लंगडा निघाला तो भाग वेगळा. तेव्हापासून सासूबाईंचं ठरलेलं होतं: भांडं, म्हणजे सगळा धंदा, मिळेल तो नवऱ्याच्या हाताखाली नसलेल्या माणसाला. यंदा त्यांचा हात थरथरायला लागला होता आणि वाढदिवसाला भांडं कुणाकडे जाणार ते सांगेन, असं त्यांनी जाहीर केलं होतं. म्हणजे टेकलावन्संकडे त्या शुक्रवारपर्यंतचा वेळ होता. तेवीस वर्षांचं भांडं की आठ वर्षांचे गुरुवार.

मी ही गोष्ट कुणालाही सांगणार नव्हते. फक्त जाऊबाईंना सांगितली.

आगुस्ता जाऊबाई यनशेपिंगच्या लाकडाच्या व्यापाऱ्याची एकुलती एक लेक. त्या मला पत्रांतून टोप्यांचे नमुने पाठवायच्या, मला वाटलं उलट टपाली आपणही काहीतरी पाठवावं.

वाढदिवसाच्या सकाळी भावजी आणि जाऊबाई आगबोटीनं आली. वाटेत काय झालं ते यालमारनं सांगितलं. तो खाली इंजिनाशी, आणि वरच्या बाकाशेजारी हवेचा नळ, त्यातून वरचं सगळं खाली ऐकू जायचं. कंपनीनं हे कधी दुरुस्त केलं नाही, कारण कप्तानालाही खालचं ऐकू यायचं.

भावजींना यनशेपिंगला कांड्यांचा कारखाना काढायचा होता. आईकडून भांडं आणि नाव घ्यायचं, आठ मुली कामाला ठेवायच्या, आणि त्यांच्यावर टेकला. त्यामुळे टेकलाचं लग्न होता कामा नये. जाऊबाईंनाही कारखाना हवाच होता, पण त्यांचा हिशेब उलटा. टेकलाचं लग्न झालं की नियमानं भांडं आपसूक भावजींकडे येणार, म्हणून लग्न झालंच पाहिजे, आणि आजच ठरलं पाहिजे.

भावजी म्हणाले, मग मुलींना शिकवणार कोण.

जाऊबाई म्हणाल्या, साखर ओढायला काय शिकायचंय, घरचे पडदेसुद्धा आम्ही ओढतोच की.

अर्धा प्रवास दोघं एकाच गोष्टीसाठी एकमेकांविरुद्ध भांडली आणि उरलेला अर्धा सरोवराच्या दोन बाजूंना तोंड करून बसली. यालमार म्हणाला, त्या दिवशी वाफ जरा कमी घातली तरी चाललं असतं.

सासूबाई त्या वेळी काय विचार करत होत्या ते त्यांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितलं. त्या पहाटेपासून ठरवून बसल्या होत्या की भांडं टेकलाचंच. मास्तरांचं त्यांना ठाऊक होतं. आठ वर्षं दर गुरुवारी एक माणूस दुकानात येतो आणि लेक दर गुरुवारी स्वच्छ एप्रन बांधते, हे न कळायला काय झालं. पण मुलीनं स्वतःहून नाही म्हणावं आणि आपल्यावर पाळी येऊ नये, असं त्यांना वाटत होतं. "मी भित्री होते गं त्या बाबतीत," असं म्हणाल्या, आणि लगेच मला उशी नीट करायला लावली.

अकरा वाजता पाक फरशीवर ओतला. यालमार आकड्यावर ओढायला, कारण त्याच्याइतकी ताकद कुणात नव्हती. कात्री सासूबाईंच्या हातात. कांड्या फिरवायला एका बाजूला टेकलावन्सं आणि मी, दुसऱ्या बाजूला भावजी आणि जाऊबाई. जाऊबाईंनी हातमोजे काढले पण अंगठ्या नाही, म्हणून सासूबाईंनी एकदा नुसतं बघितलं, मग अंगठ्याही निघाल्या. इतक्यात मास्तर दारात, हातात जांभळी ॲस्टरची फुलं. सासूबाईंनी फुलं बादलीत ठेवली, मास्तरांना हात धुवायला लावले आणि टेबलाच्या टोकाला उभं केलं. "फिरवत राहायचं, थांबायचं नाही," एवढंच सांगितलं. मास्तरांनी मान हलवली आणि बाह्या दुमडल्या.

पहिल्या कांड्या पडल्या, आणि जाऊबाईंनी तोंड उघडलं. अगदी गोड आवाजात त्या म्हणाल्या की घरात इतकी साखर असताना गोड बातमी लपवून ठेवणं बरं नाही. मास्तर आलेच आहेत, तर वन्संच्या लग्नाची तारीख आत्ताच ठरवून टाकू.

मी माझ्या कांड्यांकडे बघत राहिले. टेकलावन्संनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनंतर मला पुढची सहा वर्षं कुणीही गुपित सांगितलं नाही.

एरवी अशा वेळी आमच्या घरात माणसं उठून जायची. भावजी दार आपटायचे, टेकलावन्सं माडीवर, सासूबाई कोंबड्यांकडे. त्या दिवशी कुणाला हलता येईना. तळहाताखाली गरम कांड्या, आणि सासूबाई तुकडे पाडतच होत्या. त्यामुळे जे इतक्या वर्षांत कुणी समोरासमोर बोललं नव्हतं ते सगळं त्या फरशीवर आलं.

भावजींनी सांगून टाकलं की टेकलाचं लग्न वगैरे काही व्हायचं नाही, ती यनशेपिंगला येणार. जाऊबाई म्हणाल्या, ती लग्न करणार, येणार नाही. यालमारनं आकड्याजवळून विचारलं की तिला कुणी विचारलंय का. त्याला दोघांनी मिळून गप्प केलं. तेवढ्यापुरतं नवराबायकोचं एकमत झालं. मग सासूबाईंनी लोविसाची भट्टी काढली, भावजी म्हणाले भट्टीचं तुणतुणं पुरे, जाऊबाई म्हणाल्या आईंशी असं बोलू नका, भावजी म्हणाले तू सकाळपासून माझ्याशी कसं बोलत्येस. जाऊबाईंचे दोन्ही हात आता कमरेवर होते. भावजी बोटानं हवेत कारखाना दाखवत होते. मला सांगायला लाज वाटते, मी पण थांबले होते. असं ऐकायला रोज मिळत नाही.

"मी आडवी येत नाही," सासूबाई शेवटी टेकलावन्संना म्हणाल्या. "कायदा आडवा येतो. मला त्याची हौस नाही. पण एक काहीतरी सोडावं लागणार."

टेकलावन्सं खाली बघूनच बोलल्या. "तेवीस वर्षं झाली, आई. मी काय सोडायचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. काय पाहिजे ते एकदा तरी विचार."

"काय पाहिजे?"

"दोन्ही."

भावजी हसले. ती त्यांची चूक झाली. ते म्हणाले, "दोन्ही मिळत नसतं, टेकला. बायकोचं जे असतं ते नवऱ्याचं. सगळ्या राज्यात हेच चालतं, माझ्या घरात हेच चालतं."

"कुणाच्या घरात?" जाऊबाईंनी विचारलं.

"म्हणजे आपल्या."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

भावजींना तेव्हाच कळायला हवं होतं. ते म्हणाले, आगुस्ता, आता नको. पण जाऊबाईंच्या माहेरचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "आई, ऐकून ठेवा. राहतं घर माझं. लाकडाची वखार माझी. आजीचे चांदीचे बारा चमचे माझे, आणि कारभारही माझा. माझ्या बाबांनी लग्नाआधी यांच्याकडून कागद करून घेतला, कोर्टात वाचूनसुद्धा दाखवला. यांना वखारीतली एक फळी विकायची तर माझी सही लागते. आणि म्हणे माझ्या घरात."

सासूबाईंची कात्री थांबली. "असा कागद होतो?"

"वीस वर्षं झाली होतो. यनशेपिंगला शहाणे बाप त्याशिवाय चर्चमध्ये लग्न जाहीरच करू देत नाहीत." आणि तेवढं बोलल्यावर जाऊबाईंच्या लक्षात आलं की आपण आत्ता काय केलं.

स्वयंपाकघरात एकच आवाज येत होता, टेबलाच्या टोकाकडून, संथ, एका लयीत. मास्तर कांड्या फिरवत होते.

सासूबाई टेकलावन्संकडे वळल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला. "किती जणांना नाही म्हणालीस?"

"अठ्ठ्याहत्तर साली सुताराला. पंच्याऐंशीत टपाल कचेरीतल्या मुख्य कारकुनाला." टेकलावन्संनी हात एप्रनला पुसले. "मास्तरांना अजून सांगायचंय."

अठ्ठ्याहत्तर साली असा कागद करू देणाऱ्या कायद्याला चार वर्षं झाली होती. तो हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला, आणि कुणाचंही तोंड बघायला नको म्हणून प्रत्येकजण खिडकीबाहेर नासपतीच्या झाडाकडे बघू लागला.

"तुला ठाऊक होतं," सासूबाई भावजींना म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. भावजींना रुमाल सापडत नव्हता.

त्या पुढे काही बोलतील असं वाटलं. पण त्यांची नजर फरशीवर गेली आणि त्या टेबलाच्या कडेकडेनं चालू लागल्या. जाऊबाईंसमोरच्या कांड्या जिभेसारख्या पसरल्या होत्या. भावजींच्या एकमेकींना चिकटून फळी झाली होती, आणि ती विकायला कुणाच्या सहीची गरज नव्हती. माझ्या चोवीस, सगळ्या बसलेल्या. टेकलावन्संसमोर सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. तेवीस वर्षांत त्यांच्या हाताखालची कांडी पहिल्यांदाच बसली होती. सासूबाईंनी ती उचलली, बोटांत फिरवून बघितली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

मास्तरांपुढे पन्नास-एक कांड्या ओळीनं पडल्या होत्या. रुळासारख्या गोल. शेजारच्या भावजींच्या आठ-दहासुद्धा त्यांनी ओढून घेऊन वाचवल्या होत्या.

"मास्तर, तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं."

"मग बोलला नाहीत ते?"

"थांबायचं नाही म्हणाला होतात." त्यांचे हात अजून फिरतच होते.

"आता थांबा. टणक झाल्यात त्या." सासूबाईंनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "लग्न झाल्यावर या भांड्याचं काय करायचा विचार आहे तुमचा?"

मास्तरांनी विचार केला. घाईनं उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "काही नाही," ते म्हणाले. "मला पेपरमिंटचा वासच सहन होत नाही. गुरुवारी मला जेवण जात नाही."

"आठ वर्षं?"

"सुट्टीचे गुरुवार सोडून."

सासूबाई स्टुलावर बसल्या. कामाच्या वेळी त्या बसल्याचं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एप्रननं तोंड पुसलं, उठल्या, आणि फळीवरची पेपरमिंटची बाटली काढली. त्या बाटलीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. किती थेंब, हे त्या भिंतीकडे तोंड करून मोजत.

बाटली त्यांनी टेकलावन्संच्या हातात दिली. "बाजार उद्या आहे. दीडशे कांड्या कमी पडतायत. पुढचा पाक तू लाव."

चुकले, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना ते येत नव्हतं. टेकलावन्संनी बाटली उजेडात धरली, बूच काढलं, आणि थेंब मोजताना भिंतीकडे वळल्या नाहीत. आमच्या सगळ्यांच्या देखत मोजले. बारा. दुपारी दोनला कॉफी झाली. त्या वेळेपर्यंत मास्तर अंगणात उभे होते, पांढरेफटक, आणि तरी बाह्या दुमडलेल्या.

बसलेल्या कांड्या गावातल्या निराधार वृद्धांच्या आश्रमात पाठवल्या. तिथल्या म्हाताऱ्यांनी निरोप धाडला की या टेबलावरून घरंगळत नाहीत, पुढच्या वर्षी अशाच कराव्यात.

कागद नोव्हेंबरात झाला. सासूबाईंनी तो वकिलाकडून तीनदा वाचून घेतला आणि घोड्यांबद्दल एक वाक्य घालता येईल का विचारलं. लग्न जानेवारीत, बर्फ गुडघ्याएवढा असताना. स्वतःच्या लग्नात ऑर्गन कुणी वाजवायचा हा प्रश्न आला तेव्हा मास्तरांनी आधी वाजवलं, मग धावत खाली येऊन उभे राहिले, आणि पुन्हा वर गेले.

सासूबाई त्यानंतर बारा वर्षं जगल्या. भांड्यात लक्ष घालणार नाही असं म्हणायच्या आणि रोज दहा वाजता स्टूल घेऊन शेजारी बसायच्या. १९०७ च्या मार्चमध्ये गेल्या, दुपारची कॉफी घेऊन.

वाल्फ्रिड भावजींनी कारखाना काढला, पण काड्यापेट्यांच्या लेबलांचा. जाऊबाईंनी सही दिली तेवढाच तो वाढला. आईशी ते दोन वर्षं बोलले नाहीत, मग एका मिकेलला आले आणि न सांगता हात धुतले. १९१९ च्या साथीच्या तापात गेले. आगुस्ता जाऊबाई १९३१ पर्यंत होत्या आणि टेकलाचं लग्न आपणच जमवलं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तसं ते खोटं नव्हतं. चांदीचे चमचे त्यांनी मला ठेवले, का ते कळलं नाही. माझा यालमार १९३८ मध्ये गेला. आगबोट त्याच्या आधीच भंगारात गेली होती.

टेकलावन्संना मूल झालं नाही. त्यांनी अकरा मुलींना कांडी शिकवली. प्रत्येकीला पहिल्या दिवशी बाराचा आकडा सांगून टाकायच्या, आणि त्यातल्या चौघींनी पुढे स्वतःची दुकानं काढली. मास्तर सत्त्याहत्तर वर्षांचे होईपर्यंत रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या पायरीवर बसून त्यांचं काम संपायची वाट बघत. आत येत नसत, वासामुळे.

१९२१ च्या जानेवारीत नवा कायदा आला. लग्न झालेली बाईसुद्धा स्वतःची मालक, नवरा कुणाचा पालक नाही. मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. टेकलावन्सं तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या. त्यांनी चष्मा लावून बातमी सावकाश वाचली, मग उठून दार उघडलं आणि पायरीवरच्या मास्तरांना मोठ्यानं सांगितलं, कारण त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, की आजपासून माझ्यावर तुमचा काही अधिकार नाही, कागद नसता तरी नसता.

मास्तरांनी कानामागचा हात खाली घेतला.

"आधी होता का?" त्यांनी विचारलं, आणि बसायला जागा करून दिली.